बंद आतड्यातला घास

डॉ. राजनंदिनी वाबळे यांचा माणसांवर विश्वास नव्हता, आणि तो नसायला त्यांच्याकडे कारणंही भरपूर होती. नगरला सावेडीत त्यांचा दवाखाना, मोठ्या आतड्याच्या आणि त्याच्या शेवटच्या टोकाच्या आजारांचा. तिथं पहिल्या भेटीत खरं बोलणारा पेशंट विरळा. राहात्याचा एखादा बागाईतदार समोर बसला की आधी पाऊसपाणी, मग पेरूचा बाजार, मग गुडघे असं सगळं काढून झाल्यावर बायकोला बाहेर पाठवायचा आणि छताकडे बघत म्हणायचा, "मॅडम, जरा मूळव्याधीसारखं वाटतंय." ते 'जरा' दोन वर्षांपासूनचं असायचं, आणि मूळव्याध बहुतेकदा नसायचीच.

नातेवाइकांची तऱ्हा त्याहून वरची. पेशंटला उपाशी ठेवा म्हटलं की यांच्याच पोटात कालवाकालव. सिस्टरची पाठ वळली की उशीखालून बिस्किटाचा पुडा निघायचा. विचारलं तर उत्तर तयार, "काहीच दिलं नाही हो, नुसता चहा." चहात बुडवलेला पाव सांगायचा नसतो. वर्षानुवर्षं असं फसवून घेऊन बाई पक्क्या संशयी झाल्या होत्या, आणि आपल्या संशयी स्वभावाचा त्यांना थोडा अभिमानही होता.

म्हणूनच गहिनीनाथ ढाकणेच्या तपासणीत दुर्बिणीच्या पडद्यावर भाकरीचा तुकडा दिसला तेव्हा बाईंना भीती वाटली नाही. राग आला.

गहिनीनाथ पाथर्डीच्या पलीकडचा, ऊसतोडीला जाणारा. शिमग्याच्या सुमाराला त्याच्या आतड्याला पीळ पडला आणि भावकीनं त्याला टेम्पोत आडवा घालून नगरला आणला. काळं पडलेलं आतडं बाईंनीच कापून काढलं होतं. तेव्हा लगेच जोडण्यासारखी परिस्थिती नव्हती. मग असल्या वेळी करतात तेच त्यांनी केलं. आतड्याचं वरचं टोक पोटावर डाव्या बाजूला उघडून तिथं पिशवी लावली, आणि खालचं टोक पिना मारून आतल्या आत बंद करून टाकलं. म्हणजे माणूस जे खाईल ते पिशवीत उतरणार. खालच्या त्या वीतभर नळीत वरून काहीच जाऊ शकत नाही, कारण रस्ताच नाही. काही महिन्यांनी सूज उतरली की दोन्ही टोकं जोडायची, पिशवी काढायची, की माणूस पुन्हा पहिल्यासारखा.

गहिनीनाथला दिवाळीच्या आत पहिल्यासारखं व्हायचं होतं. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला मिळून एक कोयता म्हणतात. पोटावर पिशवी असलेल्या माणसाला दिवसभर वाकून ऊस तोडता येत नाही, आणि एकट्या बाईला मुकादम टोळीत घेत नाही. "ह्यो हंगाम गेला तर आमचा कोयताच मोडला म्हना," त्याची बायको सविता दवाखान्यात आल्या आल्या म्हणाली होती.

जोडायच्या आधी खालची बंद नळी दुर्बिणीनं बघून घ्यायची, ही बाईंची पद्धत. तिथं थोडा पांढरट चिकट स्राव असतो, बाकी काही नाही. पडद्यावर तो स्राव दिसला, गुलाबी भिंती दिसल्या, आणि अगदी वरच्या टोकाशी, पिनांच्या रांगेखाली, बाजरीच्या भाकरीचा तुकडा दिसला. मेथीच्या भाजीचं एक पान त्याला चिकटलेलं. तुकडा चावलेला नव्हता. बोटांनी मोडलेला होता आणि त्याच्या कडा स्वच्छ दिसत होत्या.

"हे कुणीतरी खालून घातलंय," बाई सिस्टर निकिताला म्हणाल्या. दुसरं काही असूच शकत नव्हतं.

त्यांनी सविताला केबिनमध्ये बोलावलं. "घरी काय उपचार चाललेत तुमचे? एनिमा देता? कुणा देवऋष्यानं सांगितलंय का काही?"

"न्हाई मॅडम. देवाशप्पथ."

"देवाला मध्ये आणू नका. भाकरी काय आपोआप चालत गेली तिथं?"

सविताला आधी कळेचना. कळलं तेव्हा तिनं पदर तोंडाला लावला. "मी आसलं कशाला करीन? मला त्यांला बरं करून न्यायचंय का मारायचंय?"

खोटं बोलणारी माणसं अशीच बोलतात, असं बाईंच्या मनात आलं. त्यांनी नळी स्वच्छ धुऊन घेतली. खालून औषध सोडून एक्स-रे काढला, कुठं बारीक भोक पडलंय का ते पाहिलं. भोक नव्हतं. त्यांच्या पिना जिथल्या तिथं होत्या. मग त्यांनी गहिनीनाथला एकट्याला खोलीत हलवलं, सविताला आणि त्याच्या आईला वर यायची बंदी केली, आणि निकिताला दाराशी बसवलं. पेशंट नुसत्या पाण्यावर आणि सलाईनवर.

दुसऱ्या दिवशी दुर्बीण घातली तर भाकरी होतीच. या वेळी तिच्यावर पिठलं होतं.

त्या दिवशी बाईंनी निकिताकडेही एकदा तिरक्या नजरेनं बघून घेतलं. निकिता त्यांच्याकडे दवाखाना उघडल्यापासून होती. तिला ती नजर बोचली. ती दुर्बीण उचलून धुवायला घेऊन गेली.

"मॅडम, एक सांगू का?" बाई हातमोजे काढत असताना गहिनीनाथ म्हणाला. उन्हानं रापलेला, हाडापेरानं मोठा माणूस, पण आवाज दबलेला. "तुमी मला पान्यावर ठिवलंय. सकाळपून भुकेनं जीव जातो. पर दुपारच्याला एकदम पोट भरल्यावानी हुतं. कुनी जेवू घातल्यावानी."

"दुपारी म्हणजे केव्हा?"

"आई जेवाया बसती तवा."

हे तो सहज बोलून गेला. आई खाली, हा वर, मधे जिना आणि दोन बंद दारं. ती जेवायला केव्हा बसते हे याला कसं कळतं, हे बाईंनी विचारलं नाही. त्या तडक खाली गेल्या.

दवाखान्यामागं नातेवाइकांसाठी पत्र्याचं शेड होतं. गहिनीनाथची आई दगडाबाई तिथं भाकरी घेऊन नुकतीच बसली होती. बाई खांबाआड थांबल्या. म्हातारीनं भाकरीचा एक तुकडा मोडला, त्यावर बोटभर वांग्याचं कालवण ठेवलं, उठून तो कुंपणाच्या भिंतीवर नेऊन ठेवला आणि हात जोडले. कावळा आला. त्यानं तुकडा उचलला, तेव्हा कुठं म्हातारी पानावर बसली.

"हे काय चाललंय?" बाई पुढं झाल्या.

दगडाबाई दचकली नाही. तिनं सविताकडे बघितलं, तूच सांग अशा अर्थानं.

"करोनात आमी कर्नाटकात तोडीला हुतो," सविता म्हणाली. "ह्यांला ताप भरला. तिकडं दवाखान्यात घातलं, अन् थोड्या दिसांनी सांगितलं, गेले म्हनून. प्लास्टिकात गुंडाळल्यालं लांबून दावलं अन् तिथंच जाळलं. आमी राखंचं गाडगं घिऊन आलो. प्रवरासंगमाला दहावा घातला. कावळे लई बसल्याले, पर पिंडाला एक शिवंना. दिरांनी शब्द दिला, तुझी पोरगी शिकवू. मी दिला, आत्याबाईंला अंतर द्यायची न्हाई. तरी शिवंना. ऊन डोक्यावर आलं. मंग आत्याबाई उठल्या अन् म्हनल्या, तुला पयला घास दिल्याबिगर मी माझ्या तोंडात घास घालनार न्हाई. लगीच शिवला."

"आणि मग?"

"मंग पंधरवड्यानं हे पायी चालत दारात हुबे. नावांची आदलाबदल झाल्ती म्हनं."

बाईंना हसू आलं, कारण गोष्ट शेवटी आनंदाची होती. "अहो आजी, मग तर प्रश्नच मिटला. मुलगा जिवंत आहे. घास कशाला काढता आता?"

"त्याच्याच तोंडात घातला हुता एकदा," दगडाबाई म्हणाली. "वकून टाकला त्यानं." तिचं बोलणं सावकाश, निवडून टाकल्यासारखं. "बाई, शब्द मी पोराला दिल्ता. पर घेतला कुनी? पोरगं तर तवा जित्तं हुतं. ज्यानं घेतला त्याला द्यावाच लागतो."

"कोणी घेतला?"

"ते मला काय ठावं? पर त्यो लई उपाशी हुता."

भर दुपारी, मागं कुकरच्या शिट्ट्या वाजत असताना, बाईंच्या अंगावर काटा आला. त्याचा त्यांना संतापही आला. म्हातारी बनेल आहे, हातचलाखी करते आहे, कसं ते आपल्याला सापडत नाही इतकंच, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

चोर पकडायची एक पद्धत असते. दुसऱ्या दिवशी बाईंनी घरून डबा आणला. त्यात साखरभात होता, केशर घातलेला पिवळाजर्द, वर लवंगा. तो त्यांनी स्वतः दगडाबाईला वाढला आणि समोर खुर्ची टाकून बसल्या. म्हातारीनं चिमूटभर भात काढून भिंतीवर ठेवला, कावळ्यानं नेला, मग ती जेवली. तिला तिथंच बसवून, सविताला तिच्यापाशी ठेवून बाई वर गेल्या आणि गहिनीनाथच्या दारासमोर ठाण मांडून बसल्या. बाहेरचे पेशंट खोळंबले. दाराशी कोणी आलं नाही. आत निकिता होती, आणि ती पेशंटपासून दूर खिडकीशी बसलेली बाईंना दारातून दिसत होती.

ऊन कलल्यावर त्यांनी दुर्बीण घातली.

पडद्यावर पिवळा भात होता.

त्यात एक लवंग होती.

निकिता म्हणाली, "मॅडम." बाईंनी पडदा बंद केला. मग त्यांनी नळी धुतली, कारण ती धुवायलाच हवी होती.

संध्याकाळी त्या शेडमध्ये गेल्या. आधी सविताला म्हणाल्या, "मी उगाच तुमच्यावर आळ घेतला." हे शब्द त्यांच्या तोंडून फार क्वचित निघत, त्यामुळे घोगरे निघाले. मग दगडाबाईकडे वळल्या. "आजी, तिथं घाण असताना मी जोड घातला तर जोड फुटेल. पोटात विष पसरेल आणि मुलगा हातचा जाईल. ऑपरेशन होईपर्यंत घास बंद ठेवा."

"घास बंद तर माझं जेवान बंद."

"मग जेवण बंद," बाई म्हणाल्या. आपण काय मागतोय हे त्यांना कळत होतं. म्हातारीनं मान डोलावली.

त्यानंतर नळी स्वच्छ राहिली. पण गहिनीनाथ उतरू लागला. रक्त, लघवी, छाती, सगळे रिपोर्ट व्यवस्थित, आणि माणूस मात्र रोज थोडा थोडा विझत चाललेला. नाडी बारीक, ओठ पांढरे. "भूक लागलीया मॅडम," एवढंच म्हणायचा. पेज पाजली तरी तेच. खाली दगडाबाई भिंतीला टेकून बसलेली, तिचेही ओठ तसेच. भूलतज्ज्ञ म्हणाले, ऑपरेशन पुढं ढकलूया. बाई नाही म्हणाल्या. पुढं ढकलायचं तर म्हातारीला जेवू घालायला हवं, आणि ती जेवली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

ऑपरेशन सकाळी सुरू झालं. बाईंनी पोट उघडलं, वरचं टोक आत घेतलं, खालच्या टोकाच्या पिना कापल्या. आत एक कणही नव्हता. जोड चांगला बसला. रक्त तर फुलपात्रभरही गेलं नव्हतं.

"मॅडम, प्रेशर खाली येतंय," भूलतज्ज्ञ म्हणाले.

"कुठूनही वाहत नाहीये."

"औषध वाढवलंय. तरी येतंय."

बाईंनी पुन्हा सगळं पोट चाळून पाहिलं. सगळं कोरडं होतं. आतडं हाताला गार लागत होतं.

"निकिता, खाली जा. आजींना म्हणावं, जेवा."

"मॅडम?"

"आत्ता. पळ."

दार हलत राहिलं. मॉनिटरचा आवाज लांबत गेला.

मग आकडा थांबला.

मग वर चढू लागला.

भूलतज्ज्ञांनी सुस्कारा सोडला आणि औषध लागू पडलं म्हणाले. बाईंची बोटं आतड्यावर होती, जोडाच्या जराशी खाली. त्या पातळ भिंतीआड, आत्तापर्यंत रिकाम्या असलेल्या नळीत, काहीतरी आलं होतं. चपटं. एका कडेनं मोडलेलं. कोमट.

बाईंनी बोटं उचलली नाहीत. जोड टिकतो का बघत उभ्या राहिल्या.

जोड टिकला.

पुढं सगळं नेहमीसारखं झालं. वारा सरला का, हा प्रश्न गहिनीनाथला बाईंपासून झाडूवाल्या मावशींपर्यंत सगळ्यांनी विचारला, आणि तो सरला तेव्हा सविता रडली. पिशवी गेली. दगडाबाई रोज भिंतीवर घास ठेवत होती, आणि आता दोन्ही टोकं जोडलेली असल्यामुळं कुठलं अन्न कुठून आलं हे बघायचं कारण उरलं नव्हतं. बाईंनी बघितलंही नाही. दिवाळीनंतर कोयता टोळीबरोबर सांगलीकडं गेला आणि म्हातारी गावी राहिली.

पौषात सविताचा फोन आला, तेव्हा बाईंचा दुपारचा डबा नुकताच टेबलावर येऊन बसला होता.

"मॅडम, आत्याबाई गेल्या. निजल्या जागी. आमी गावाकडं आलो, दहावा झाला. पर ह्यांचं पुन्ना तसंच. भूक भूक करत्यात अन् घास गिळंना. कालपून डोळं उघडलं न्हाईत. टेम्पोत घालून तुमच्याकडंच आनतोय."

"आणा लगेच. मी तयारी ठेवते," बाई म्हणाल्या. मग फोन तसाच धरून हळूच विचारलं, "घास काढता का तुम्ही?"

"रोज काढते. कावळा येतो, बघतो अन् जातो." सविता थांबली. टेम्पोचा खडखडाट ऐकू येत होता. "हे सपनात बोलल्यावानी बोलत्यात, मॅडम. म्हनत्यात, ज्या हातानं रस्ता जोडला त्या हातचं पायजे."

फोन ठेवल्यावर बाईंनी निकिताला सलाईनची तयारी सांगितली, खाट सांगितली, रक्ताच्या तपासण्या सांगितल्या. ती गेल्यावर उठून केबिनचं दार आतून लावलं. त्यांना लाज वाटत होती. त्याहून जास्त, तो टेम्पो दारात येईपर्यंत आत काय उरलेलं असेल, याची धास्ती वाटत होती.

त्यांनी डबा उघडला. पोळी आणि कोबीची भाजी. पोळीचा तुकडा मोडला, त्यावर भाजी ठेवली, आणि खिडकी उघडून बाहेरच्या कठड्यावर तो ठेवला.

कावळा आला. मान वाकडी करून त्यानं आधी घासाकडं बघितलं, मग बाईंकडं. तो शिवला नाही. उडूनही गेला नाही.

मग दगडाबाईनं दहाव्याला जे म्हटलं होतं, तेच बाईंनी म्हटलं. मोठ्यानं म्हटलं, कारण मनातल्या मनात म्हणून भागलं नाही.

कावळ्यानं घास उचलला.

त्या खुर्चीत येऊन बसतात तोच फोन वाजला.

"मॅडम!" सविता हसत होती आणि रडतही होती. "उठून बसले! टेम्पोतच उठून बसले. आता मला वळखलं, पानी मागितलं."

बाईंनी डोळे मिटले. "काही खाल्लं का त्यांनी?"

"न्हाई हो. आमच्याजवळ खायला हाय काय? पर म्हनत्यात पोट भरलं." ती अडखळली. "अन् म्हनत्यात, भाजीत मीठ न्हाई."

बाईंनी अजून जेवायला सुरुवात केली नव्हती. फोन कानाला तसाच धरून त्यांनी डब्यातली कोबीची भाजी बोटावर घेऊन चाखली.

स्वयंपाकाच्या मावशी मीठ घालायला विसरल्या होत्या.